अपघातानंतर कायमचं अपंगत्व आलं तर विम्याचे पैसे कुठून कुठून मिळतात

माझा मामेभाऊ चाकणला कंपनीत होता, सेकंड शिफ्ट सुटल्यावर बाईकवर घरी येताना अपघात झाला, मणक्याला मार लागला आणि कमरेखालचं सगळं बंदच पडलं. पहिले दोन महिने विमा वगैरे कुणाच्या डोक्यातच नव्हतं, आणि मी विषय काढला तर मामा चिडले, म्हणाले अरे विमा माणूस गेल्यावर मिळतो, आपला पोरगा आहे ना समोर. बऱ्याच घरांत हाच समज असतो आणि त्यात मुदती निघून जातात.

तर पहिलं काम म्हणजे घरातली कागदांची पिशवी उपसा. बँकेचं पासबुक घ्या आणि मे-जूनच्या नोंदींत 20 रुपये कापलेत का बघा. कापले असतील तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, बँकेत कधीतरी फॉर्मवर सही केलेली असते आणि माणूस विसरून गेलेला असतो. अपघातात दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे गेले, किंवा एक डोळा आणि एक हात नाहीतर पाय, तर 2 लाख, एकच गेलं तर 1 लाख. पाय कापलाच पाहिजे असं नाही हं, पाय आहेत पण निकामी झालेत हेही धरतात. क्लेम फॉर्म बँकेतच द्यायचा, शक्यतो 30 दिवसांच्या आत, सोबत एफआयआर किंवा पंचनामा आणि सिव्हिल सर्जनचा अपंगत्वाचा दाखला. दाखल्याला वेळ लागणार असेल तर निदान बँकेला लेखी कळवून पोच तरी घेऊन ठेवा.

मग बाईकची पॉलिसी. आपण ती पोलिसांना दाखवायला काढतो, पण तिच्यात मालक-चालकाचा अपघात विमा अशी एक ओळ असते, 15 लाखांची. मृत्यूसाठी तर आहेच, पण कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तरी पूर्ण रक्कम, एक हात किंवा पाय गेला तर निम्मी. अट अशी की गाडी चालवणाऱ्याच्याच नावावर पाहिजे आणि लायसन्स चालू पाहिजे. बाईक वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, हे आपल्याकडे सर्रास, तिथे मात्र हा कव्हर लागत नाही. एलआयसीच्या पॉलिसीला अपघात-अपंगत्वाचा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घेतलेलं जादा कव्हर, असेल तर तेही बघा, त्यात रक्कम 10 वर्षं हप्त्याहप्त्याने येते आणि पुढचे प्रीमियम माफ होतात.

आता सगळ्यात मोठं म्हणजे ईएसआयसी, कामगारांसाठीचं सरकारी विमा महामंडळ. पगार 21,000 पर्यंत असेल तर पगारातून 0.75 टक्के कापले जातात, लोकांना वाटतं ते फक्त दवाखान्यासाठी. कामावरच्या अपघातात बरं होईपर्यंत मजुरीच्या 90 टक्के मिळतात आणि त्यासाठी किती महिने हप्ता भरला ही अट नाही, नोकरीचा पहिला दिवस असला तरी चालतं. घर ते कंपनी या वाटेवरचा अपघातही यात येतो, फक्त वेळ आणि रस्ता नोकरीशी जुळला पाहिजे, म्हणून शिफ्टची हजेरी, पंचिंगची वेळ, पंचनाम्यातलं ठिकाण हे सगळं जपून ठेवा. अपघाताचा रिपोर्ट कंपनीनेच पाठवायचा असतो. भावाच्या कंपनीचा एचआर रोज उद्या करतो म्हणायचा, शेवटी आम्ही लेखी अर्ज देऊन शिक्का घेतला तेव्हा हलला.

नंतर ईएसआयसीचं मेडिकल बोर्ड बसतं आणि कमाईची ताकद किती टक्के गेली ते ठरवतं. हाताचा अंगठा गेला तर 30 टक्के, पूर्ण पंजा गेला तर 60, असा तक्ताच आहे. ढोबळ हिशोब सांगतो, रोजची मजुरी 600 धरली तर 90 टक्के म्हणजे 540, बोर्डाने 50 टक्के दिले तर रोजचे 270, महिन्याला साधारण 8,100, आणि हे आयुष्यभर, पुढे दुसरं काम धरलं तरी बंद होत नाही. टक्के कमी वाटले तर 3 महिन्यांत अपील करता येतं.

इथेच लोक गोंधळतात. यूडीआयडी कार्डावरचे (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) टक्के शरीराचे, ईएसआयसीचे टक्के कमाईचे, आणि विमा कंपनीला टक्क्यांपेक्षा पॉलिसीतल्या व्याख्येत बसतं का एवढंच हवं असतं. एकाचा कागद दुसऱ्याला दाखवून भांडण्यात अर्थ नाही. डॉक्टरांना मात्र विनंती करा की दाखल्यात 'कायमस्वरूपी' शब्द आणि कुठला अवयव पूर्ण निकामी झाला ते स्पष्ट लिहा, नुसतं 'पॅराप्लेजिया (म्हणजे कमरेखालचा लकवा), फॉलोअप चालू' असं लिहिलं की विमा कंपनी म्हणते अजून सुधारणा होऊ शकते, थांबा. आमचे चार महिने असेच गेले.

पीएफ कापला जात असेल तर ईपीएस, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची पेन्शनही आहे. एरवी 10 वर्षं नोकरी लागते, पण नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर एका महिन्याचा हप्ताही पुरतो. फॉर्म 10डी भरायचा, किमान पेन्शन 1,000, म्हणजे रक्कम बघून हसू येईल पण सोडू नका. आणि अपंगत्व 'नोकरीत असताना' आलेलं लागतं म्हणून हे सगळं मार्गी लागेपर्यंत राजीनाम्यावर सही करू नका, कंपनीचा माणूस पेढ्यांसारखा गोड बोलला तरी.

विमा कंपनीने क्लेम नाकारला तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी द्या, महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पुण्यात आणि मुंबईत ऑफिस आहे, फी नाही, वकील नाही, 50 लाखांपर्यंतचं ऐकतात. वर्षाच्या आत जायचं एवढंच. ईएसआयसीची भांडणं मात्र तिथे चालत नाहीत.

आणि हो, अपंगत्वामुळे नोकरी सुटली तरी वर्षाला 120 रुपये भरून ईएसआयसीचा दवाखाना नवराबायकोला निवृत्तीच्या वयापर्यंत चालू ठेवता येतो. कॅथेटर (लघवीची नळी), फिजिओ, बेडसोरची (पडून पडून होणाऱ्या जखमांची) ड्रेसिंग, हा खर्च कधी संपत नाही, तेव्हा ते 120 दरवर्षी आठवणीने भरा, आमच्याकडे मामींनी कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवलाय.