सातपुड्याच्या पायथ्याला नाका लावण्याआधी

राज्याच्या हद्दी कडक करा, आंतरराज्य नाके सुरू करा, असा हुकूम मुंबईहून निघतो आणि चार-दोन दिवसांत ठाण्याच्या फळ्यावर लागतो. त्यात 'प्रभावी नाकाबंदी' एवढे दोन शब्द असतात, बाकीचं आपण भरायचं. मी जमादार म्हणून निवृत्त झालो. नव्याने बंदोबस्ताला येणाऱ्या पोरांना, होमगार्डना आणि जमलं तर पोलीस पाटलांनाही उपयोगी पडेल ते सांगतो.

सगळ्यात आधी हद्द पाहून घ्या, आणि शक्य तिथे पायी पाहा. आपल्या खान्देशाला परदेश लागत नाही, पण दोन राज्यं लागतात. जळगाव आणि धुळ्याच्या उत्तरेला मध्य प्रदेश आहे. नंदुरबारला मध्य प्रदेशही आहे, गुजरातही आहे आणि वरच्या अंगाला चोपन्न किलोमीटर नर्मदा आहे. नवापूरच्या रेल्वे स्टेशनातून तर दोन राज्यांची रेघच गेली आहे, बाकाचा अर्धा भाग इकडे आणि अर्धा तिकडे. मुंबई-आग्रा रस्त्यावर पळासनेर, सुरत रस्त्यावर नवापूर, पुढे अक्कलकुवा, इकडे रावेरच्या वर बऱ्हाणपूरचा रस्ता, हे मोठे नाके सगळ्यांना ठाऊक आहेत. वाईट धंदा करणाऱ्यालाही ठाऊक आहेत. तो तिथून कशाला येईल?

म्हणून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता डोळ्यांसमोर ठेवा. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा असा हा रस्ता सातपुड्याच्या पायथ्याने आडवा धावतो. डोंगरातल्या नाल्यानाल्यांतून, मोटारसायकलवर, डोक्यावर जे काही खाली उतरतं, ते बहुतेक वेळा शेवटी याच रस्त्याला टेकतं. माझं मत विचाराल तर निम्मी माणसं हद्दीवर आणि निम्मी या रस्त्याच्या फाट्यांवर लावा. साहेबलोकांना हे पटायला वेळ लागतो, कारण फाट्यावरच्या दोन माणसांचा फोटो चांगला येत नाही.

मग काय, कुठून, कधी येतं ते वहीत लिहून ठेवा. चोपड्याच्या वर उमर्टी नावाचं गाव दोन्ही राज्यांत आहे. तिकडचे गावठी कट्टे बाराही महिने येतात, आणि एका पिशवीत दोन सहज मावतात, त्यामुळे ट्रकच शोधत बसू नका. शिरपूरच्या डोंगराळ भागात कपाशी आणि तुरीच्या आड गांजा लावलेला सापडतो. तो पावसाळा संपला की कापणीला येतो, म्हणजे त्या दिवसांत खाली येणाऱ्या गाड्या बघायच्या. दारूचं उलटं आहे. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी, म्हणून नवापूरकडे येणाऱ्यापेक्षा जाणारी गाडी महत्त्वाची. गुटखा आपल्याकडे २०१२ पासून बंद आहे, तो बाहेरून आत येतो. आणि एप्रिल-मे महिन्यात कपाशीचं बेकायदा एचटीबीटी बियाणं, म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणारं. ते पकडलं तर शेतकरी तुमच्याकडे असा बघतो, जणू तुम्हीच चोर. निंदणीची मजुरी वाचते म्हणून तो घेतो, हे मला समजतं. पण आपलं काम पुरवणाऱ्याला गाठायचं, म्हणून कृषी खात्याचा माणूस सोबत आधीच ठरवून ठेवा. नमुना कसा घ्यायचा ते त्याला कळतं, आपल्याला नाही.

सामानाचं फार सांगत नाही. बॅरिकेड, चमकणारं जॅकेट, दोन टॉर्च, बॅटऱ्या, पाणी. वायरलेस मात्र निघण्याआधी बोलून बघा. घाटात मोबाईल पलीकडचा टॉवर पकडतो, मग तुमचा ११२ चा फोन पलीकडच्या राज्यात वाजू शकतो. म्हणून पलीकडच्या ठाण्यातल्या हवालदाराचा नंबर घेऊन ठेवा आणि त्याच्यासोबत एकदा चहा प्या. कलेक्टर कचेरीतल्या समन्वय बैठकीत पुष्पगुच्छ मिळतात, रात्री दोन वाजता फोन उचलतो तो चहावाला दोस्त.

कागदावर मात्र कंजुषी नको. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू आहे आणि तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, त्यामुळे मोबाईल चार्ज आणि त्यात जागा रिकामी, हे रायफलीइतकंच तपासा. गांजाच्या संशयावरून अंगझडती घ्यायची तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडतीचा हक्क आहे, हे त्या माणसाला आधी सांगायचं आणि लिहून घ्यायचं. आमची एक चांगली केस इथेच पडली होती. माल होता, माणूस होता, फक्त तो कागद नव्हता. पंचही ढाब्यावरून उचललेले. एकाने कोर्टात सांगितलं, मी तर भाजी खात होतो.

निवडणूक असेल तर पन्नास हजारांवरच्या रोख रकमेची चौकशी होते. इथे आपल्या भागात जरा सांभाळून. केळीचे, कपाशीचे पैसे घेऊन शेतकरी रोखीनेच घरी जातो. पट्टी, बिल काही दाखवलं तर वाट मोकळी करा. पैसे जप्त केलेच तर पावती द्या आणि जिल्ह्याची तीन अधिकाऱ्यांची समिती असते, तिथे दाद मागता येते, हे तोंडाने सांगा. पावतीवर छापलेलं कुणी वाचत नाही.

माणसांबद्दल एक सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेले टेम्पो रात्री जातात, पोरंबाळं, भांडीकुंडी, कोंबड्या सगळं घेऊन. त्यांना तासभर उतरवून ठेवू नका. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला दोन्ही राज्यांतली पावरा आदिवासी मंडळी येतात. त्यांची सोयरीक हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहे, त्यांच्या लेखी ही रेघ आपण काढलेली आहे. पावरी, भिली येणारा एक तरी माणूस पाळीवर असू द्या, नाहीतर निदान अहिराणीत "कथा जाई ऱ्हायनात?" असं विचारा. 'कुठे चाललास' म्हणून दरडावलं की माणूस घाबरून खोटं बोलतो, आणि मग खरा खोटारडा ओळखू येत नाही. महिला शिपाई रात्रपाळीलाही हवी. बाईची झडती बाईनेच घ्यायची असते, आणि हे माहीत असलेले लोक पिशवी बाईकडेच देतात.

गाड्या खऱ्या येतात त्या पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान. त्याच वेळी पाळी बदलायची आणि त्याच वेळी डुलकी लागायची, हे वर्षानुवर्षं चाललंय. पाळी दोनला बदला किंवा सहाला. हिवाळ्यात शेकोटीची लाकडं दिवसाउजेडी गोळा करा आणि शेकोटी बॅरिकेडपासून लांब लावा. जाळाकडे बघत बसलेल्याला अंधारातला माणूस दिसत नाही, त्याला मात्र आपण सगळे लख्ख दिसतो.