झिजलेल्या बॅरलला नवे चेंबर : गनस्मिथच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

अमेरिकेत गनस्मिथचे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे, काम शिकणारे उमेदवार लवकरच एक प्रश्न विचारतात : झिजलेल्या बॅरलचे चेंबर (काडतूस बसते ती मागची पोकळी) ‘ॲक्ली इम्प्रूव्हड’ काडतुसासाठी मोठे केले, तर रायफल पुन्हा अचूक होईल का? नुसता रीमर (पोकळी कापून मोठी करणारे हत्यार) फिरवून होत नाही, असे माझे अनुभवाअंती ठाम मत झाले आहे.

कोलोरॅडोतील ट्रिनिडाडच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या पी. ओ. ॲक्ली यांनी प्रचलित काडतुसांच्या पुंगळ्यांचा निमुळतेपणा कमी केला आणि खांदा (पुंगळी मानेकडे, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद भागाकडे, उतरते तो उतार) ४० अंशांचा केला. .३०-०६ स्प्रिंगफील्ड या प्रचलित रायफल काडतुसाचा मूळ खांदा १७.५ अंशांचा आहे. या बदलाने दारू थोडी अधिक मावते, मात्र .३०-०६ मध्ये वेगाची वाढ माफकच असते.

बॅरल सगळीकडे सारखे झिजत नाही. उष्ण वायूंचा सर्वाधिक मारा चेंबरच्या लगेच पुढे, जिथे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा सुरू होतात त्या थ्रोटवर बसतो, आणि बॅरलच्या आत पाहण्याच्या बोअरस्कोपमधून पाहिल्यास तेथील पोलाद आटलेल्या तळ्याच्या तळासारखे तडकलेले दिसते. नव्या रीमरने रुंदावतो तो चेंबरचा मधला भाग आणि खांदा. मान मूळ जागीच राहते, म्हणजे तिच्यापुढचा खराब थ्रोटही तसाच राहतो. तो काढण्यासाठी लेथवर बॅरलचे मागचे टोक कापून, बॅरलचा बाहेरचा खांदा (ॲक्शनला टेकणारी कड) पुढे सरकवून, बॅरल ॲक्शनमध्ये (बोल्ट असलेल्या, बॅरल आट्यांनी बसते त्या भागात) अधिक आत बसवावे लागते, म्हणजे जुना थ्रोट नव्या चेंबरच्या हद्दीत येऊन रीमरखाली कापला जातो. बॅरलवर नेम धरण्याची साइट असेल, तर ही माघार आट्यांच्या पूर्ण फेऱ्यांत मोजावी, नाहीतर साइट तिरपी बसते. माउझर ९८ या रायफलीत इंचाला १२ आटे असल्याने एक फेरी सुमारे २.१ मिलिमीटरची होते. झीज याहून बरीच पुढे गेली असेल, तर मी ग्राहकाला नवे बॅरलच सुचवतो.

हेडस्पेसबाबत, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून काडतूस चेंबरमध्ये जिथे अडते तिथपर्यंतच्या अंतराबाबत, ढिलाई चालत नाही. ॲक्लींच्या पारंपरिक पद्धतीत नवे चेंबर मूळ काडतुसाच्या मापापेक्षा ०.००४ इंच आखूड ठेवतात, म्हणून मूळ काडतुसाचा ‘गो’ गेज (ज्यावर बोल्ट बंद व्हायला हवा असे माप) येथे ‘नो-गो’ (ज्यावर बोल्ट बंद होता कामा नये असे माप) ठरतो. कारखान्यातील काडतूस मान आणि खांद्याच्या सांध्यावर घट्ट टेकले नाही, तर पहिल्याच बारात पुंगळी मागच्या बाजूने ताणली जाते आणि फुटूही शकते. काम झाल्यावर बॅरलवर नव्या काडतुसाचे नाव कोरणे हाही त्याच जबाबदारीचा भाग आहे.

भारतात राहून हे शिकू इच्छिणाऱ्यांनी आधी १९५९ चा शस्त्र कायदा वाचावा. त्याच्या कलम ५ नुसार शस्त्रांची दुरुस्ती किंवा त्यांत बदल करण्याचा व्यवसाय परवान्याविना करता येत नाही. लेथवर आटे पाडणे आणि डायल इंडिकेटरने (सूक्ष्म फरक दाखवणाऱ्या मापकाने) केंद्र जुळवणे मात्र कोणत्याही टर्नरच्या कार्यशाळेत शिकता येते, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी.