कलश, कळस, कळशी: जुन्या शब्दाचं मूळ कसं शोधावं

सण जवळ आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. क म्हणजे अमुक, ल म्हणजे तमुक, श म्हणजे शांती, झाला कलश! मी मराठी शिकवते, म्हणून पाठोपाठ माझ्याकडे विचारणा येते, "बाई, हे खरं का?" दरवेळी उत्तर देण्यापेक्षा शोधायचं कसं तेच सांगते. अक्षरं फोडून अर्थ काढणं ही करमणूक झाली, ती बाजूला ठेवा.

कोश उघडायच्या आधी भांडं बघा. पूजेतला तांब्या हातात घ्या: पोट गोल, गळा आवळलेला, काठ बाहेर वळलेला. त्या काठामुळेच आंब्याची पानं नीट टेकतात आणि नारळ आत जात नाही. आता देवळाच्या शिखराकडे मान वर करून बघा. तेच गोल पोट, तोच गळा आणि टोकाला बीजपूर, म्हणजे महाळुंग हे लिंबाच्या जातीचं फळ. (महाळुंग पाहिलं नसेल तर कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे.) भरलेला घडाच शिखरावर नेऊन बसवलाय. 'भांडं' आणि 'शिखराचं टोक' हे दोन अर्थ एका शब्दात कसे आले, ते डोळ्यांनीच कळतं.

मग शब्दाचं गणगोत गोळा करा. कलश, कळस, कळशी. गोव्यात कळसो आहे, आणि महालक्ष्मीच्या व्रतात बायका घालतात ती कळशी फुगडी: हातातल्या कळशीच्या तोंडात फुंकर मारत, घुमणाऱ्या आवाजावर ताल धरत. वाक्प्रचारही लिहून घ्या. 'आधी कळस मग पाया', 'निर्लज्जपणाचा कळस'. अशा ठिकाणी शब्द पूजेतून कधीच बाहेर पडलेला असतो.

आता खरी गंमत, ध्वनीची. संस्कृतात दोन स्वरांमधला ल मराठीत बहुधा ळ होतो: फल–फळ, काल–काळ. श चा स होतो: केश–केस. ही मोजपट्टी लावली की दिसतं, कळस हा प्राकृतातून तोंडोतोंडी घासत आलेला शब्द आहे आणि कलश पोथीतून जसाच्या तसा उचललेला. दोघांनी कामं वाटून घेतली. पूजेत कलश, देवळावर कळस, पाणी भरायला कळशी. 1960 साली महाराष्ट्राचा 'मंगल कलश' आला असं आपण म्हणतो. 'मंगल कळस' कानालाच खटकतं.

पुढे जुने दाखले. ज्ञानेश्वरी 1290 ची. तिच्या अठराव्या अध्यायात गीता हे देऊळ आणि हा अध्याय त्याचा कळस, असं रूपक येतं. त्याला कळसाध्याय म्हणतात ते म्हणूनच. सतराव्या शतकात बहिणाबाईंच्या अभंगात 'तुका झालासे कळस' आहेच. संस्कृतात मागे जा. अमरकोश कलश शब्द तिन्ही लिंगांत देतो. ऋग्वेदात, विशेषतः नवव्या मंडलात, कलश हे सोमरसाचं भांडं आहे. सोमयागातला द्रोणकलश तर लाकडाचा असे. त्यामुळे "कलश तांब्याचाच हवा" हा आग्रह पूजेच्या रीतीतला, शब्दातला नाही.

कोश पाहताना एक युक्ती: ल आणि ळ, श आणि स, अशा सगळ्या जोड्यांनी शोधा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती इंटरनेटवर फुकट आहे. व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णींचा 1946 चा कोश, आणि इतर भाषांतली भावंडं पाहायची तर टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश.

मुळाशी मात्र जपून. यास्काचं निरुक्त, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा प्राचीन ग्रंथ, म्हणतं, ज्यात सोमाच्या 'कला', म्हणजे अंश, 'शेरते', पडून राहतात, तो कलश. सुंदर आहे, पण जात फॉरवर्डचीच, फक्त विद्वत्ता अस्सल. मोनियर-विल्यम्सच्या 1899 च्या संस्कृत-इंग्रजी कोशात कलशाशेजारी लॅटिन 'कालिक्स' ठेवलेला दिसतो. चर्चमधल्या पवित्र पेल्याचं 'चॅलिस' हे नाव त्यावरूनच आलं. संस्कृत शत–लॅटिन केंतुम, दश–देकेम यांत श समोर क येतो, तसा इथेही येतो. तरी एका जुळणीवर सोयरीक ठरवू नका. अभ्यासकांचं यावर एकमत नाही. वहीत सरळ 'व्युत्पत्ती अनिश्चित' लिहा.

सरावाला घट घ्या. ट चा ड करा (घोटक–घोडा), घडा मिळेल. तो जमला की घडवंची, म्हणजे पाण्याची भांडी ठेवायची तिवई, सोडवा: घडा आणि मंच. मंचातल्या म चा व का झाला, ते ग्राम आणि गाव शेजारी लिहून बघा.