नवजात बाळ गार पडू नये म्हणून: लेबर रूममध्ये सुधारणा कशी करावी

जन्मलेल्या बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावं. ३६ ते ३६.४ म्हणजे सौम्य हायपोथर्मिया (अंग गार पडणं), ३२ ते ३५.९ मध्यम आणि ३२ च्या खाली तीव्र. बाळ कोरडं करा, आईच्या छातीवर ठेवा, पंखा बंद ठेवा, पहिल्या तासात पाजा, २४ तास आंघोळ घालू नका, हे लेबर रूममधल्या प्रत्येक सिस्टरला पाठ असतं. तरीही बाळं गार पडतात. अशा वेळी आणखी एक प्रशिक्षण ठेवून फारसं काही बदलत नाही, कारण अडचण माहितीची नसते, कामाच्या रचनेची असते. ती रचना वॉर्डातल्याच माणसांनी मोजत, बदलत सुधारायची असते. प्रसूतिसेवेची गुणवत्ता वाढवण्यासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिगृहांकडून याच धर्तीच्या छोट्या सुधारणा-फेऱ्या अपेक्षित आहेत.

सुरुवात गटापासून करा. इन्चार्ज सिस्टर, दिवसपाळी आणि रात्रपाळीची प्रत्येकी एक सिस्टर, एक वैद्यकीय अधिकारी आणि लेबर रूमची मावशी, एवढे पुरे. मावशीला वगळू नका. टॉवेल कुठे असतो, धुऊन कधी येतो, हे तिलाच ठाऊक असतं. मग उद्दिष्ट एका वाक्यात लिहा: कोणती बाळं, काय बदलायचं, कितीवरून कितीवर, कधीपर्यंत. उदाहरणार्थ, ‘आमच्याकडे जन्मलेल्या बाळांपैकी एका तासानंतर तापमान ३६.५ च्या खाली असणाऱ्यांचं प्रमाण आठ आठवड्यांत ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणू.’ ‘हायपोथर्मिया कमी करू’ हे उद्दिष्ट नव्हे. ते गाठलं की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही.

उपायाला हात घालण्याआधी दोन ते तीन आठवडे नुसतं मोजा. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने घरोघरी नवजात सेवा उभी केली, तेव्हाही गावातल्या आरोग्यदूतांनी आधी बाळांची निरीक्षणं नोंदवली आणि उपचार त्यानंतर सुरू केले. मोजमाप सोपं ठेवा: डिजिटल थर्मामीटर काखेत, हात अंगाला चिकटवून, बीप वाजेपर्यंत, जन्मानंतर बरोबर एका तासाने. नोंद डिलिव्हरी रजिस्टरमध्येच एक रकाना आखून करा. वेगळी वही केली तर ती दुसऱ्या आठवड्यात रिकामी राहते. याच्या जोडीला प्रक्रियेचं एकच मोजमाप घ्या: बाळ पूर्ण तासभर आईच्या छातीवर होतं का, हो किंवा नाही.

रजिस्टरमध्ये ओळीने ३६.८, ३६.८, ३६.८ दिसू लागलं तर थांबा. हे आकडे मोजून आलेले नाहीत. कमी तापमान लिहिलं की जाब विचारला जाईल, अशी भीती असली की असंच होतं. हे आकडे कुणाच्या गोपनीय अहवालात किंवा नोटिशीत वापरले जाणार नाहीत, हे वैद्यकीय अधीक्षकांनी सर्वांसमोर सांगायला हवं. या एका गोष्टीवर बाकी सगळं उभं आहे.

आता कारण शोधा. एका प्रसूतीच्या वेळी शेजारी उभं राहून पायऱ्या जशा घडतात तशा लिहा. बहुतेकदा असं आढळतं: नाळ कापली की लगेच बाळ वजनकाट्याच्या थंड पत्र्यावर जातं, मग व्हिटॅमिन केचं इंजेक्शन, मग ओळखपट्टी, मग नातेवाइकांना दाखवणं. छातीवर बाळ राहतं जेमतेम पाच मिनिटं. वजनाला घाई नसते, ते तासाभराने करता येतं. इंजेक्शनही बाळ आईच्या छातीवर असतानाच देता येतं.

बदल एका वेळी एकच आणि शक्य तितका लहान करून पाहा. सोमवारी, सकाळपाळीत, एक सिस्टर, एकच बाळ: वजन तासाभराने. काय अडलं हे त्याच दिवशी पाच मिनिटांत बोला. टाके घालताना बाळ सांभाळायला कुणी नव्हतं? मग उद्या सोबतच्या बाईला आत घेऊन पाहा. हे जमलं की पाच बाळं, मग रात्रपाळी, मग सगळ्या पाळ्या. पहिल्याच दिवशी परिपत्रक काढून सगळीकडे लागू केलेला बदल कुठे मोडला, तेच कळत नाही. दुसरी फेरी टॉवेलची: प्रसूतीच्या २० मिनिटं आधी वॉर्मर (बाळाला ऊब देणारं यंत्र) सुरू करून त्याखाली दोन सुती टॉवेल ठेवायचे. एकाने पुसायचं, तो ओला टॉवेल बाजूला टाकायचा आणि दुसऱ्याने झाकायचं. ओल्याच टॉवेलात गुंडाळणं ही सर्रास होणारी चूक आहे. खोलीचं तापमान २५ ते २८ अंश हवं, त्यासाठी भिंतीवर थर्मामीटर लावा.

बदलाने दुसरीकडे काही बिघडत नाही ना, हेही पाहा. छातीवरच्या बाळाचं नाक-तोंड मोकळं, मान एका बाजूला वळलेली आणि रंग गुलाबी आहे ना, हे दर १५ मिनिटांनी पाहणारं माणूस ठरलेलं हवं. तापमान ३७.५ च्या वर गेलेल्या बाळांचीही मोजणी ठेवा.

दर आठवड्याची टक्केवारी आलेखावर मांडून तो लेबर रूमच्या भिंतीवर लावा. सुरुवातीच्या आकड्यांच्या मध्यकाची (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याची) आडवी रेघ ओढा आणि बदल केला त्या तारखेला बाण काढा. मध्यकाच्या खाली सलग सहा बिंदू आले (रेघेवरचे मोजायचे नाहीत) तर सुधारणा खरी धरा. एका वाईट आठवड्याने घाबरू नका. आठवड्याला पाचच प्रसूती होत असतील, तर एका बाळाने आकडा २० टक्क्यांनी हलतो. तिथे टक्केवारीऐवजी प्रत्येक बाळाचं तापमानच बिंदू म्हणून मांडा.

सुधारणा टिकवणं सगळ्यांत अवघड. बंधपत्रित (सक्तीच्या सरकारी सेवेवर आलेले) डॉक्टर वर्षभराने जातात, सिस्टरच्या बदल्या होतात. म्हणून बदल माणसांच्या आठवणीवर सोडू नका: टॉवेल प्रसूतीच्या ट्रेच्या यादीत, त्यांची मागणी दर महिन्याच्या इंडेंटमध्ये (भांडाराकडे पाठवायच्या मागणीपत्रात) आणि वॉर्मरची तपासणी पाळी बदलतानाच्या हस्तांतरात घाला. आकडा तीन महिने स्थिर राहिला की रोजची मोजणी थांबवून महिन्याला कुठलीही दहा बाळं मोजा, त्यांतली निम्मी रात्रपाळीतली. दहांत तीन बाळं ३६.५ च्या खाली आढळली, तर त्याच आठवड्यात पुन्हा प्रत्येक बाळ मोजायला लागा आणि पायऱ्या नव्याने लिहा.