कप्पा उघडण्याआधी

संग्रहालयातले शार्कचे जीवाश्म दात अभ्यासायला निघालात, तर कॅलिपर, भिंग, मोजपट्टी, पेन्सिल हे सांगायला नको. पेन मात्र आत नेऊच नका.

संग्रहालयाला पाठवायच्या पत्रात नमुन्यांचे नोंदणी क्रमांक द्या. नुसतं 'शार्कचे दात' लिहिलंत तर क्युरेटरने काय काढून ठेवायचं? आणि नावांवर विसंबू नका. निसर्गवैज्ञानिक लुई अगासीने 1833 ते 1843 दरम्यान जीवाश्म माशांवरचा ग्रंथ काढला, त्यातल्या कितीतरी शार्कजाती सुट्या दातांवर बेतलेल्या आहेत. एकाच जबड्यातले पुढचे-मागचे, वरचे-खालचे दात वेगळ्या घडणीचे असतात, त्यामुळे एकच प्राणी तीन कप्प्यांत तीन नावांनी सापडू शकतो. मेगॅलोडॉन (नामशेष झालेला महाकाय शार्क) हवा असेल तर कार्कॅरोडॉन, कार्कॅरोक्लीस आणि ओटोडस, या तिन्ही नावांखाली बघा.

आता मुद्द्याचं. लेबल उलटून बघा. दात उचलायच्या आधी लेबल, आणि लेबलची मागची बाजू! मी दोन दिवस राबून साठ दातांचे फोटो काढले, प्रत्येकाशेजारी लेबल नीट मांडून. घरी आल्यावर बघतो तर दात खडकाच्या कोणत्या थरातून आला याचा उल्लेख कुठेच नाही. संग्रहालयात फोन केला तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "मागे लिहिलाय की." बारीक पेन्सिलीत, दोन शब्द. थर माहीत नसलेल्या दाताचं वय काय सांगणार? पुन्हा गाडीभाडं, पुन्हा परवानगी. तेव्हा पुढचा फोटो, मागचा फोटो, मग दात. कापसाखाली दुसरं, जुनं लेबल असलं तर त्याचीही मागची बाजू.

दाताला चिकटलेला खडक खरवडू नका. त्यातल्या सूक्ष्मजीवाश्मांवरून थर ओळखता येतो. (लेबलच्या मागे काही नसेल तर तोच आधार.) चकाकीसाठी अॅसिटोन लावू नका, जुनं शेलॅक (सांधायला वापरलेली लाख) विरघळतं आणि सांधलेला दात हातात दोन तुकडे होऊन येतो. पिवळट-राखाडी पूड आणि गंधकाचा वास आला तर जीवाश्मातलं पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) कुजतंय. हात न लावता क्युरेटरना बोलवा. त्यातलं आम्ल लेबलही खातं, म्हणून त्या खोक्यातलं लेबल आधी टिपून घ्या. दोन्ही बाजू.

माशांचे कर्णाश्म (कानातले बारीक खडे) एका वेळी एकच कुपी, खाली काळं कापड.

सीटी स्कॅनची विनंती करायला लाजू नका. 1966 साली वर्णन झालेल्या हेलिकोप्रिऑनच्या (चक्राकार दातांच्या, शार्कसारख्या नामशेष माशाच्या) नमुन्याचं स्कॅन 2013 साली प्रसिद्ध झालं, तेव्हा दातांचं चक्र खालच्या जबड्यातच बसत होतं हे नक्की झालं.

बाकी मोजमापं, नोंदी नेहमीसारख्या. परत ठेवताना दात त्याच्याच खोक्यात. लेबल उलटलं होतं ना?