झाडे लावणारे सर्च इंजिन फोनवर आणि संगणकावर कसे बसवावे

बर्लिनचे इकोसिया हे सर्च इंजिन २००९ पासून चालू आहे. जाहिरातींतून मिळालेल्या पैशातून खर्च वजा जाता जो नफा उरतो, तो पर्यावरणाच्या कामाला जातो. यात सर्वांत मोठे काम वृक्षलागवडीचे: ब्राझील, बुर्किना फासो, इथिओपिया, मादागास्कर आणि इतर अनेक देशांत. संस्थापक क्रिस्टियान क्रोल यांनी २०१८ मध्ये अशी कायदेशीर तजवीज केली की कंपनी विकता येत नाही आणि नफाही कुणाला खिशात घालता येत नाही. दर महिन्याचा जमाखर्च संकेतस्थळावर असतो.

बसवण्याआधी एक हिशेब समजून घ्या. इकोसियाने पूर्वी दिलेली सरासरी अशी: एका शोधामागे कमाई सुमारे अर्धा युरो सेंट, एका झाडाला खर्च साधारण २२ सेंट, म्हणजे ४५ शोधांना एक झाड. पण पैसे मिळतात ते जाहिरातीवर क्लिक झाल्यावर. ‘विळखा शब्दाचा अर्थ’ शोधला तर जाहिरातच नसते, कमाई शून्य. ‘मुंबई गोवा विमान तिकीट’ शोधले तर असते. शिवाय भारतात क्लिकचे दर जर्मनीपेक्षा बरेच कमी. त्यामुळे इकोसियाच्या पानावर दिसणारा आकडा म्हणजे तुमची झाडे असे समजू नका.

अँड्रॉइडवर क्रोम: आधी इकोसियाचे संकेतस्थळ उघडून तिथे एकदा काहीतरी शोधा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, मग यादीत नाव दिसत नाही. आता उजवीकडच्या तीन टिंबांतून सेटिंग्ज, तिथे सर्च इंजिन, आणि अलीकडे भेट दिलेल्यांच्या यादीतून इकोसिया निवडा.

आयफोनवर सेटिंग्जमध्ये सफारी, त्यात सर्च इंजिन. इकोसिया यादीत आधीपासूनच आहे. नव्या आयओएसमध्ये सफारी ‘अ‍ॅप्स’च्या आत सापडते.

संगणकावर क्रोममध्ये वेब स्टोअरमधून इकोसियाचे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे साधन) घ्या. पहिल्या शोधाला क्रोम विचारते की बदल तुम्हीच केला का. इथे घाईत ‘परत गूगल’ दाबले की एक्स्टेन्शन बंद पडते. फायरफॉक्समध्ये इकोसियाचे पान उघडून पत्त्याच्या पट्टीवर राइट-क्लिक करा, इंजिन जोडा आणि सेटिंग्जमध्ये ते डिफॉल्ट करा.

तरीही शोध गूगलवरच जात असतील, तर कारण बहुधा होम स्क्रीनवरची गूगलची पट्टी असते. ब्राउझरमध्ये काहीही बदला, ती गूगलच उघडते. तिच्या जागी क्रोमचे विजेट ठेवा. विंडोजच्या स्टार्ट मेनूतला शोधही तसाच हट्टी, तो मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनकडे जातो. क्रोमच्या इन्कॉग्निटो (खासगी) खिडकीत एक्स्टेन्शन आपोआप चालत नाही. त्याच्या तपशिलात जाऊन वेगळी परवानगी द्यावी लागते.

जाहिराती अडवणारे साधन वापरत असाल तर इकोसियाला त्यातून सूट द्या, नाहीतर सगळा खटाटोप फुकट. याउलट, झाडांच्या नावाखाली जाहिरातींवर उगाच क्लिक करत बसू नका. जाहिरातदाराचे पैसे वाया जातात आणि असे क्लिक बनावट ठरून वगळले जातात. खरोखर काही घ्यायचे असेल तेव्हाच क्लिक करा.

इकोसियाचे निकाल बिंग, गूगल अशा इतर इंजिनांकडून येतात. इंग्रजी शोधांना फरक जाणवत नाही. मराठीत, विशेषतः तालुक्याच्या बातम्या किंवा गल्लीतले दुकान शोधताना, निकाल तोकडे पडू शकतात. पण तेवढ्यासाठी इंजिन परत बदलू नका. शोधशब्दांनंतर एक जागा सोडून हॅशचे चिन्ह आणि त्याला जोडून इंग्रजी ‘जी’ (#g) लिहा; तेवढा एक शोध गूगलवर जातो.