लष्करी धोरणावरील नियतकालिकाचा प्रभाव कसा मोजावा?

संरक्षणविषयक एखाद्या नियतकालिकाला अभ्यासकांमध्ये किती वजन आहे, हा प्रश्न शिवाजी विद्यापीठात राज्यशास्त्राचा किंवा ग्रंथालयशास्त्राचा प्रबंध लिहिणाऱ्यापुढे आला, की तो बहुधा इम्पॅक्ट फॅक्टर शोधू लागतो. तो अवश्य पाहावा, पण त्यावर विसंबू नये. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराचे चालू वर्षी जितके उल्लेख झाले, त्या संख्येला त्या दोन वर्षांतील शोधलेखांच्या संख्येने भागले, की हा आकडा येतो. लष्करी धोरणात मात्र विचार इतक्या लवकर मुरत नाही. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने आढावा घेतला, २००१ मध्ये मंत्रिगटाने संरक्षणदल प्रमुख हे पद निर्माण करण्याची शिफारस केली, आणि त्या पदाचा कार्यभार प्रत्यक्षात स्वीकारला गेला १ जानेवारी २०२० रोजी. म्हणून मोजणीसाठी किमान दहा वर्षांचा कालखंड घ्यावा.

विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात स्कोपस, म्हणजे शोधलेख व त्यांच्या उल्लेखांची सशुल्क माहितीसूची, उपलब्ध आहे का, हे आधी विचारून घ्यावे; नसल्यास ‘पब्लिश ऑर पेरिश’ या मोफत प्रणालीतून गूगल स्कॉलरची माहिती काढता येते. खरी मेहनत त्यापुढे आहे. मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्थेचे नियतकालिक ‘स्ट्रॅटेजिक ॲनालिसिस’ या नावाने शोधले, की व्यवस्थापनशास्त्रातील असंबद्ध लेखही यादीत घुसतात, कारण तिथे हे शब्द रोजच्या वापरातले आहेत. प्रत्येक नोंदीचा प्रकाशक, खंड व अंक ताडून पाहावा, एकाच लेखाच्या दुहेरी नोंदी एकत्र कराव्यात आणि नियतकालिकाने स्वतःच्याच लेखांचे केलेले उल्लेख वेगळ्या रकान्यात टाकावेत.

सरासरी फसवी असते. समजा, २०० लेखांना ६०० उल्लेख मिळाले, तर सरासरी ३ येते. पण त्यांतले २४० उल्लेख चारच लेखांचे असतील, तर उरलेल्या १९६ लेखांची सरासरी २ च्याही खाली जाते. त्यामुळे मध्यक द्यावा आणि जोडीला जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये मांडलेला एच-निर्देशांक द्यावा (किमान दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा उल्लेख असतील, पण अकरा लेखांना प्रत्येकी अकरा नसतील, तर तो १०). तुलना याच विषयातील नियतकालिकांशी करावी. वैद्यकशास्त्रातील आकड्यांपुढे संरक्षण अभ्यासाचे आकडे ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

धोरणावरचा प्रभाव हा निराळा प्रश्न आहे, त्याचे आकडे वरच्या आकड्यांत मिसळू नयेत. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल चाळावेत. अनेक सरकारी अहवालांत तळटीपा नसतात, अशा वेळी समितीच्या सदस्यांनी पूर्वी कुठे लिहिले होते, हे तपासावे. सुब्रह्मण्यम स्वतः वरील संस्थेचे संचालक राहिलेले होते. अर्थात, लेखक समितीवर होता म्हणून त्याच्या लेखाने धोरण बदलले, असे ठरत नाही. अशी नोंद ‘संभाव्य दुवा’ एवढीच करावी.

कोल्हापूर जिल्ह्यात निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांची वानवा नाही, तेव्हा काही मुलाखतीही घ्याव्यात. ‘हे नियतकालिक उपयोगी वाटले का?’ असे विचारल्यास सौजन्यापोटी होकारच मिळतो. त्याऐवजी सेवेतील अभ्यासक्रमात वाचलेला आणि अजून आठवणारा एखादा लेख सांगायला सांगावे, आणि काहीच आठवले नाही, तर तेही तसेच नोंदवावे.